जिभेला कानाचे उपाय चालत नाहीत

कान पिकला तर काय करायचं, हे शहापूर-मुरबाडकडच्या कुठल्याही घरात विचारा. ओसरीवर तांदूळ पाखडत बसलेली आजी हातातलं सूप न थांबवता सांगेल. खोबरेल लाव, हळद भर, बाळी काढलीस तर कडुनिंबाची काडी घालून ठेव, नाहीतर भोक बुजेल. लहान पोर सोनाराकडे नेऊन सोन्याच्या तारेने कान टोचायचे, मुलीचं नाक पुढे सवडीने टोचायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. त्यातून तयार झालेलं शहाणपण बव्हंशी खरंही आहे. कानाची पाळी म्हणजे कातडी आणि चरबी. ती कोरडी राहते, तिच्यात मोठी रक्तवाहिनी नाही, कूर्चा नाही. जंतू शिरलेच तर पू बाहेरच्या बाहेर येऊन जातो. शिवाय पाळी सुजली की सगळ्यांना दिसते, त्यामुळे कोणीतरी टोकतंच.

कानाच्या वरच्या कडेला मात्र हे शहाणपण अर्धंच लागू पडतं. बुगडी आणि भिकबाळी जिथे घालतात तिथे आत कूर्चा असते आणि कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतोच. तिथला जंतुसंसर्ग तेल-हळदीने बसत नाही. कूर्चा आतल्या आत विरघळते आणि कान कायमचा चुरगळल्यासारखा होतो. म्हणजे एकाच कानावर बोटभर अंतरात नियम बदलतो. मग तोंडाच्या आत तो किती बदलत असेल!

अंगात लोखंड खुपसून घेण्याचं या भागाला तसं नवल नाही. मुरबाड तालुक्यातल्या म्हशाला पौष पौर्णिमेची यात्रा भरते. खांबलिंगेश्वराला बोललेला नवस फेडायला पाठीच्या कातडीत गळ टोचून घेण्याची प्रथा तिथे जुनी आहे. पण पाठीची कातडी सैल आणि जाड असते आणि तिच्यामागे श्वासनलिका नसते. जिभेच्या मागे ती असते, आणि या लेखातलं बहुतेक सगळं त्या एका गोष्टीवरून ठरतं.

जीभ टोचून घेणारी पोरं इथलीच आहेत. आसनगाव, वासिंद, खडवलीहून लोकल धरून कल्याण-ठाण्याला कॉलेजला जाणारी. मुरबाडला रेल्वे नाही, तिथली एसटीने कल्याण गाठतात. एखाद्या दुपारी मित्रांच्या नादाने टॅटूच्या दुकानात शिरायचं, जिभेत स्टीलचा बार घालून घ्यायचा आणि संध्याकाळी तोंड मिटून घरी यायचं. काही जण तेवढेही पैसे खर्च करत नाहीत. मोबाइलवर बघून जिभेवर बर्फ धरतात आणि मेणबत्तीवर तापवलेली सुई किंवा सेफ्टी पिन घरीच आरपार घालतात. मेणबत्तीच्या ज्योतीने सुईवर काजळी धरते, ती निर्जंतुक होत नाही. हत्यारं निर्जंतुक करायची तर ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसला, दाबाखालच्या वाफेत, निदान १५ मिनिटं ठेवावी लागतात.

कान टोचला तर घरात पेढे वाटतात, जीभ टोचली तर ती लपवतात. पोरगी दोन दिवस जेवत नाही, विचारलं तर तोंड आलंय म्हणते. पोरगा ‘स’ला ‘श’ म्हणायला लागतो. लपवण्यात जातात ते नेमके पहिले तीन-चार दिवस, आणि गुंतागुंत व्हायची असेल तर तिची सुरुवात बहुधा याच दिवसांत होते. म्हणून आई-वडिलांना एक सांगणं आहे. रागवायचं ते महिनाभराने रागवा. आज पोराला तोंड उघडून दाखवायला भीती वाटता कामा नये.

आता जीभ जवळून बघू. आरशासमोर उभं राहून जीभ वर टाळूला लावली की तिच्या खालच्या बाजूला दोन निळसर शिरा दिसतात आणि मधोमध एक पातळ पडदा. जाणकार माणूस त्या पडद्याच्या पुढे, दोन शिरांच्या मधल्या जागेतून सुई काढतो. थोडी बाजूला सरकली तर शीर फुटते. आणखी आत मोठी धमनी आणि चव-स्पर्शाच्या नसा आहेत. बाकी जीभ म्हणजे स्नायूंचा गठ्ठा. आडवे, उभे, तिरपे तंतू एकमेकांत विणलेले आणि त्यांना भरपूर रक्त. या रक्तामुळेच जिभेची जखम अंगावरच्या बहुतेक जखमांपेक्षा लवकर भरते. दातांखाली चावलेली जीभ थोड्याच दिवसांत बरी होते ती यामुळेच. पण याच रक्तामुळे ती सुजतेही झपाट्याने. टोचल्यावर ती जवळजवळ दीडपट जाड वाटते. त्यासाठीच पहिला बार मुद्दाम लांब, साधारण १६ ते २० मिलिमीटरचा घालतात. सूज ओसरली की दोन ते चार आठवड्यांनी तो काढून आखूड घालायचा असतो. दुकानात लांब बार नव्हता म्हणून पहिल्यांदाच आखूड घातला, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बारची गोळी सुजलेल्या मांसात रुतायला लागते. काही वेळा ती दिसेनाशी होते आणि वरून कातडी धरायला लागते. मग तो बार घरी निघत नाही.

त्यात तोंड कधी कोरडं नसतं. दिवसाला लिटरभराच्या आसपास लाळ झरते आणि तोंडात शेकडो जातींचे जंतू मुक्कामाला असतात. एरवी ते निरुपद्रवी. त्यातले बरेचसे ऑक्सिजन नसलेल्या जागी वाढणारे, आणि जिभेच्या मांसात खोलवर गेलेलं भोक त्यांना अगदी सोयीचं. कानाची जखम आपण कोरडी ठेवू शकतो. जिभेची जखम दिवसरात्र ओली असते आणि प्रत्येक घासाबरोबर ढवळली जाते. तेल लावलं तर ते पोटात जातं. हळद भरली तर तिचे कण भोकात अडकून तिथेच कुजतात. कडुनिंबाच्या काडीचा प्रयोग जिभेत कोणी करू नये. ती तुटली तर तुकडा घशात जाईल.

पहिल्या आठवड्यात काय व्हायला हवं हे माहीत असलं की निम्मी भीती जाते आणि उरलेली निम्मी योग्य वेळी कामाला येते. पहिल्या दिवशी थोडं रक्त, ठणका, लाळ गळणं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज सर्वांत जास्त. भोकाच्या तोंडाशी पांढरट, पिवळसर पातळ पाणी येऊन बारवर सुकतं. त्याला पुष्कळ जण पू समजतात आणि घाबरून औषधाच्या दुकानात पळतात. ते शरीराचं नेहमीचं पाणी आहे, जखम भरताना येतंच. भोकाभोवती पांढरी कडाही दिसते. चौथ्या-पाचव्या दिवसापासून हे सगळं उतरणीला लागलं पाहिजे. बोलणं स्वच्छ होतं, पेज-भात नीट गिळता येतो. भोक आतून पूर्ण भरायला चार ते आठ आठवडे लागतात.

उतार पडायच्या दिवशी चढ दिसला, तर जंतुसंसर्गाची शंका घ्यायची. आधी कमी झालेलं दुखणं परत वाढतं, ठणका कानापर्यंत जातो. पाण्याऐवजी घट्ट, हिरवट-पिवळा, घाण वासाचा पू येतो. जीभ लालभडक आणि गरम लागते. जबड्याखाली गाठ येते. ताप भरतो, अंग मोडून येतं. यातलं एकही लक्षण दिसलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय, कसारा, वासिंद, डोळखांब, धसई, म्हसा इथे प्राथमिक आरोग्य केंद्रं. एवढ्यावर असलेला संसर्ग वेळेत दाखवला तर तोंडातून घ्यायच्या गोळ्यांनी आठवडाभरात बसतो.

दवाखान्यात जाईपर्यंत आणि नंतरही घरी करण्यासारखं आहे, आणि ते फारसं अवघड नाही. कपभर उकळून कोमट केलेल्या पाण्यात पाव चमचा मीठ घालायचं आणि प्रत्येक खाण्यानंतर व झोपताना अर्धा-एक मिनिट तोंडात खेळवून टाकायचं. मीठ जास्त म्हणजे गुण जास्त असं नाही. फार खारट पाण्याने जखम करपते. दुकानातून गुळण्यांचं औषध आणायचं तर बिनअल्कोहोलचं. डॉक्टर क्लोरहेक्सिडीन देतील तर ते सांगतील तेवढेच दिवस, कारण लांबलं की दात तपकिरी पडतात आणि चव जाते. स्वच्छ पाण्याचा बर्फ चोखला की सूज आणि ठणका दोन्ही उतरतात. दुखण्यासाठी मोठ्या माणसाला पॅरासिटॅमॉल चालते. ॲस्पिरिन घेऊ नये, रक्त थांबत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं की फेस येतो आणि काहीतरी जालीम झाल्यासारखं वाटतं, पण त्याने नवीन भरलेलं मांसही जळतं. ब्रश नवा आणि मऊ घ्यायचा. बारशी खेळायचं नाही. दातांवर तो टकटक वाजवायचा चाळा सगळ्यांनाच लागतो आणि तोच जखम उघडी ठेवतो.

खायला इथलं घरचंच उत्तम आहे. तांदळाची पेज, नागलीची आंबील, मऊ भात, गार दूध. चटणी, ठेचा, सुकट, गरम चहा काही दिवस बंद. मिश्रीबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण ती व्यसनात कोणी मोजतच नाही. भाजलेली तंबाखू बोटाने हिरड्यांना लावायची, तीच बोटं आणि तीच पूड जिभेच्या उघड्या भोकात. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी असली तरी पुडी कुठे मिळते हे शाळकरी पोरही सांगतं. तंबाखूने जखमेचा रक्तपुरवठा आवळला जातो आणि चुन्याने मांस भाजतं. ‘देशीने चूळ भर, जंतू मरतील’ हा सल्ला देणारेही भेटतात. दारूने जंतू मरायच्या आधी जखम सोलून निघते.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो एका प्रश्नावर. पिकलं तर बार काढायचा की ठेवायचा? कानाच्या अनुभवातला माणूस म्हणेल, काढून टाक, मोकळं होऊ दे. जिभेत घाईने असं करू नये. जिभेचं ताजं भोक काही तासांत मिटायला लागतं. दोन्ही तोंडं मिटली आणि पू आत राहिला, तर तो मांसात गळू करतो. बार जागेवर असला तर त्याच्या कडेने पू वाहून जायला वाट राहते. म्हणून साधा संसर्ग असेल, बार सैल फिरत असेल, तर घरी तो काढायचा नाही. पण बार मांसात रुतला असेल, जीभ फुगतच चालली असेल, किंवा गोळ्या चालू असूनही उतार नसेल, तर तो निघालाच पाहिजे. तो डॉक्टर काढतील. पकडीने गोळी फिरवायचे प्रयोग करणाऱ्याच्या हातून गोळी निसटून थेट श्वासनलिकेत जाऊ शकते.

बार काढल्याशिवाय भागत नाही याचं एक नोंदलेलं उदाहरण आहे. १९९७ साली ब्रिटिश डेंटल जर्नलमध्ये २५ वर्षांच्या एका तरुणीची हकिकत छापून आली. जीभ टोचल्यावर तिच्या तोंडाच्या तळाशी संसर्ग पसरला आणि श्वास अडायला लागला, म्हणून घशात नळी घालावी लागली. शिरेतून प्रतिजैविकं दिली तरी उतार पडेना. शेवटी शस्त्रक्रिया करून बार काढला आणि तळाची सूज मोकळी केली, तेव्हा ती वाचली. जिभेत लोखंड ठेवून नुसत्या औषधांवर विसंबता येत नाही अशी एक पायरी येते, ती ही.

या आजाराला लुडविगचा अँजायना म्हणतात. विल्हेल्म फ्रीडरिश फॉन लुडविग या जर्मन डॉक्टरने १८३६ मध्ये त्याचं वर्णन केलं. छातीत कळ येणाऱ्या अँजायनाशी त्याचा काही संबंध नाही. बहुतेक वेळा तो किडलेल्या खालच्या दाढेतून सुरू होतो, त्यामुळे आपल्याकडच्या दंतवैद्यांना तो चांगला ओळखीचा आहे. जीभ टोचणं ही त्याची एक नवी वाट. जिभेखाली आणि हनुवटीखाली स्नायूंच्या थरांमध्ये मोकळ्या जागा असतात आणि त्या एकमेकींना जोडलेल्या असतात. संसर्ग तिथे उतरला की एका बाजूकडून दुसरीकडे तासांत पसरतो. तिथे गळू धरून तो एका जागी थांबत नाही, सगळं मांस फुगतं. खाली जबड्याचं हाड आणि गळ्याचे ताणलेले थर, त्यामुळे फुगायला जागा वर आणि मागेच. जीभ टाळूकडे उचलली जाते, मागे ढकलली जाते आणि श्वासाची वाट बंद करते.

डॉक्टर हे कसं ओळखतात ते बघून ठेवण्यासारखं आहे, कारण निम्मी तपासणी घरीही करता येते. ते आधी हनुवटीखाली दोन बोटं दाबतात. एरवी तिथलं मांस मऊ, लवचीक असतं. या आजारात ते फळीसारखं कडक लागतं आणि दोन्ही बाजूंनी दुखतं. मग तोंड उघडायला सांगतात. माणसाला स्वतःची दोन-तीन बोटं उभी करून दातांत घालता येतात का? येत नसतील तर जबडा धरलाय. मग जीभ बाहेर काढायला सांगतात, ती ओठापलीकडे येत नाही. आवाज तोंडात गरम बटाटा असल्यासारखा घोगरा येतो. थुंकी गिळवत नाही म्हणून लाळ गळते. आणि शेवटची खूण म्हणजे माणूस आडवा पडायला तयार नसतो, पुढे वाकून हनुवटी काढून बसतो. हे दिसल्यावर ‘सकाळपर्यंत बघू’ हा शब्द घरात कोणी काढू नये. ताप नसला तरीही.

इथे शहापूर आणि मुरबाडचा नकाशा आजाराचा भाग होतो. ठाण्यातल्या पोराची जीभ फुगली तर रिक्षाने पंधरा मिनिटांत मोठं रुग्णालय येतं. टोकावड्याच्या पलीकडे माळशेजच्या पायथ्याला, किंवा डोळखांब-टाकीपठारच्या पाड्यावर, हाच माणूस आधी गाडी शोधतो, मग आरोग्य केंद्र, तिथून तालुक्याचं रुग्णालय, आणि तिथून घशात नळी घालणारा, भूल देणारा, कान-नाक-घशाचा डॉक्टर जिथे रात्री हजर आहे अशा ठिकाणी. ते बहुधा उल्हासनगर, कळवा किंवा ठाणं. पावसाळ्यात ओढा चढलेला असला की पहिल्या टप्प्यालाच तास जातात. म्हणून इथल्या माणसाने निर्णय शहरातल्या माणसाआधी घ्यायचा. शहरात ‘श्वासाला त्रास झाला तर लगेच या’ हा सल्ला चालून जातो. इथे श्वासाला त्रास व्हायच्या आधी, म्हणजे गिळताना अडतंय, तोंड नीट उघडत नाही किंवा हनुवटीखाली कडक लागतंय एवढ्यावरच निघायला हवं. साप चावल्यावर मांत्रिकाकडे न जाता गाडी काढायची, हे आता बऱ्याच पाड्यांवर रुळलंय. इथेही तीच घाई लागते.

१०८ ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि तिचे पैसे पडत नाहीत. फोनवर ‘तोंड आलंय’ असं सांगू नका. त्याने समोरच्याला काहीच कळत नाही. ‘जीभ सुजली आहे, गिळता येत नाही, श्वास अडतोय’ असं सांगा. रस्त्यात माणसाला उताणं निजवायचं नाही, बसवूनच न्यायचं. पाणी पाजायचं नाही, काही खाऊ घालायचं नाही. पुढे भूल द्यावी लागू शकते. दवाखान्यात पोहोचल्यावर पहिल्या वाक्यात जीभ कधी टोचली ते सांगायचं. इथेही लाज आड येते. डॉक्टर दाढ शोधत बसतात आणि बार सुजलेल्या जिभेत लपलेला असतो.

आणखी एका वळणावर थांबू नका. गावात एखादा ‘एक सुई मारतो, सकाळी बघ’ म्हणणारा असतोच. अशा सुईत पुष्कळदा स्टेरॉइड असतं. सूज खरोखरच थोडी उतरते, माणूस खूश होतो, आणि संसर्ग मात्र आत पसरत राहतो. एक रात्र अशी फुकट गेली की पुढचं सगळं अवघड होतं. कपाटात उरलेल्या मागच्या खोकल्याच्या गोळ्यांचंही तेच. तोंडातल्या जंतूंना, विशेषतः हवेशिवाय जगणाऱ्यांना, त्या लागू पडतीलच असं नाही. अर्धवट घेतल्या तर फक्त लक्षणं झाकतात.

क्वचित हे जंतू जिभेच्या रक्तातून लांबचा प्रवास करतात. हृदयाच्या झडपेवर बसल्याची आणि मेंदूत गळू केल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. लहानपणी सांधेदुखीचा ताप येऊन हृदयाची झडप खराब झालेली मुलं आपल्याकडे अजून दिसतात. अशांनी, जन्मतः हृदयात दोष असलेल्यांनी आणि साखर आटोक्यात नसलेल्यांनी जीभ टोचूच नये, असं मला स्पष्ट म्हणावंसं वाटतं. टोचल्यावर दोन-तीन आठवडे उलटून गेले तरी रोज संध्याकाळी कणकण, घाम आणि थकवा येत असेल, तर जीभ बरी दिसत असली तरी डॉक्टरांना जीभ टोचल्याचं सांगून रक्त तपासून घ्या.

सुईबरोबर येणारी दुसरी दुखणी लस घेऊन टाळता येतात. धनुर्वाताची टीडी लस सरकारी कार्यक्रमात १० व्या आणि १६ व्या वर्षी देतात. शाळा मध्येच सुटलेल्या किंवा वीटभट्टीवर कामाला गेलेल्या कातकरी मुलांची नेमकी हीच सुई राहून जाते. शंका असेल तर आरोग्य केंद्रात जाऊन घ्यावी. हिपॅटायटिस बीची लस राष्ट्रीय लसीकरणात देशभर आली ती २०११ च्या सुमारास. म्हणजे आज जीभ टोचून घेण्याच्या वयात असलेल्या पुष्कळांना ती बाळपणी मिळालेली नसू शकते. हा विषाणू शरीराबाहेर सुकलेल्या रक्तात सात दिवस जगतो. एकाची सुई दुसऱ्याला वापरली तर काय होईल ते यावरून समजा. दुकानात सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडलं पाहिजे, हातमोजे नवे पाहिजेत. कान टोचायची स्प्रिंगची बंदूक कोणी जिभेला लावायला आणली तर उठून यायचं. तिचे प्लॅस्टिकचे भाग ऑटोक्लेव्हमध्ये टिकत नाहीत आणि ती सुईसारखं भोक पाडत नाही, मांस फाडते.

धातूही बघून घ्यायचा. जत्रेतल्या ‘जर्मन सिल्व्हर’मध्ये चांदीचा कणही नसतो, तांबं, जस्त आणि निकेल यांचं ते मिश्रण. निकेलची ॲलर्जी असलेल्याला त्याने खाज, लाली आणि पाणी येत राहतं. तो संसर्ग समजून माणूस महिनोन्‌महिने गोळ्या खातो. शस्त्रक्रियेत हाडात बसवायला वापरतात त्या प्रतीचं टायटॅनियम तोंडासाठी सगळ्यात सुरक्षित.

दुकानाच्या परवान्याचं एक सांगतो. तो धंदा चालवायचा परवाना असतो, शरीर कापायचा नाही. डिसेंबर २०२४ मध्ये तामिळनाडूतल्या तिरुचिरापल्लीत एका टॅटूच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या जिभा सापासारख्या दुभंगून दिल्या जात होत्या. त्याच्या चित्रफिती पसरल्या, पोलिसांनी दोघांना अटक केली आणि दुकानाला टाळं लागलं. टोचणं आणि दुभंगणं यांत फरक आहे हे खरं. पण भूल, रक्तस्राव आणि संसर्ग सांभाळायची तयारी दोन्हीकडे सारखीच लागते, आणि ती काउंटरमागे फ्रेम करून लावलेल्या कागदावरून कळत नाही.

समजा सगळं नीट झालं, जखम भरली, काही पिकलं नाही. तरी बार तोंडात राहतो आणि दातांवर घासत राहतो. २००२ साली अमेरिकेतल्या एका पाहणीत जीभ टोचलेल्या ५२ जणांचे दात तपासले. लांब बार दोन वर्षं किंवा जास्त वापरणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या खालच्या पुढच्या दातांमागची हिरडी खाली सरकली होती. चार वर्षं किंवा जास्त काळ बार असलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या दातांचे टवके उडाले होते. टवका भरता येतो. सरकलेली हिरडी आपोआप परत वर येत नाही आणि दाताचं उघडं पडलेलं मूळ गार पाण्याने झिणझिणतं. ज्यांना बार ठेवायचाच आहे त्यांनी सूज उतरल्यावर आखूड बार घालावा, आठवड्यातून एकदा धुतलेल्या हातांनी गोळी घट्ट आहे का बघावं, रात्री खेळवायचा चाळा मोडावा आणि सहा महिन्यांनी दंतवैद्याला हिरडी दाखवावी. ऑपरेशनच्या वेळी, सिझेरियनलाही, भूल देणाऱ्या डॉक्टरांना बार आहे हे आधी सांगायला हवं. नळी घालताना तो आड येतो. कंटाळा आला, लग्न ठरलं किंवा नोकरीत चालत नाही म्हणून काढून टाकायचा असेल तर भरलेल्या जखमेतून तो सहज निघतो. भोक बहुधा आपोआप आवळत जातं आणि जिभेवर एक बारीक खळगा राहतो. चवीत फरक पडत नाही.